जयवंतीताई आणि एकच लॉगिन

जयवंतीताईंना एखादी गोष्ट समजली नाही की त्या उभ्या राहायच्या. खुर्ची मागे ढकलली जायची, टेबलावर तळहात पडायचा आणि भरल्या मीटिंगमध्ये खणखणीत आवाज यायचा, "मना न्हाय समजला." एरवी ऑफिसात त्या तुमच्याआमच्यासारखंच बोलायच्या, पण न समजणं मात्र त्या कायम घरच्या बोलीत बोलून दाखवत. समोर हेड ऑफिसचा साहेब बसलाय की चहावाला उभा आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. बरं, त्यात लाज नाही, माफी नाही, 'जरा पुन्हा सांगता का' असलं गोडगोड काही नाही. समजलं नाही म्हणजे नाही. आता बोला!

मानकोलीच्या त्या गोदामात मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच सकाळी हा प्रसाद मला मिळाला. गोदाम म्हटल्यावर पत्र्याची शेड डोळ्यांसमोर आणू नका. या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस बाहुलीएवढा दिसतो. माल येतो, रचला जातो, गाड्यांत भरून निघून जातो, आणि कुठलं खोकं कुठे गेलं हे सगळं जावा भाषेत लिहिलेले प्रोग्राम लक्षात ठेवतात. ते प्रोग्राम सांभाळायला आमची छोटीशी टीम होती आणि टीमच्या प्रमुख तरे मॅडम, म्हणजेच सगळ्यांच्या जयवंतीताई. मी कल्याणचा, तोंडाने फटकळ, आणि त्या वयात स्वतःवर भलताच खूश. आधीच्या कंपनीत मी काय काय दिवे लावले होते ते मी तासून-रंधून इंग्रजीत सांगितलं. ताई उठल्या. "मना न्हाय समजला."

"कुठला भाग, मॅडम?"

"नमस्कार केलास ना, तिथून पुढचा."

सगळे हसले. मला असा राग आला म्हणून सांगू! जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी माझ्या कानात सांगितलंही, की बाई जमिनीवर लागलेली आहे; गोदाम उभं आहे तिथे त्यांच्या सासरची भातशेती होती, म्हणून नोकरी. मला वाटलं, हां, आता कळलं. पण गंमत अशी की ही गोष्ट लपवायची ताईंनाच गरज वाटत नव्हती. "हो, जमीन गेली म्हणून लागले," त्या कुणालाही सांगायच्या. "चिकटवलं जमिनीने, टिकले मी माझी." आणि टिकल्या होत्या हे खरं. त्यांच्याबरोबर जमिनीवर लागलेले बाकीचे कधीच गाड्याबिड्या घेऊन भाड्याच्या धंद्यात गेले होते.

संगणक त्या शिकल्या धामणकर नाक्यावरच्या एका क्लासमध्ये. खाली लूम, वर जावा. दिवसभर मागांची खटखट, फरशी हादरायची, सर ओरडून शिकवायचे आणि पोरं ओरडून शंका विचारायची. ताईंचा आवाज कायमचा मोठा झाला तो तिथेच. "सर विचारायचे, समजलं का? आम्हाला धड ऐकूच जायचं नाही, तरी सगळे माना डोलवायचे. मी पण डोलवली. परीक्षेत अख्खा क्लास आपटला. तेव्हा ठरवलं, ही मान आता फुकट डोलवायची नाही," त्या सांगायच्या. दुसऱ्याची मानही त्या फुकट डोलू देत नसत. मी कधी घाईघाईत 'हो हो, समजलं' म्हटलं की लगेच बोट उगारायच्या, "समजलं म्हणू नको. सांग." आणि मग सांगायला लागलं की तिसऱ्या वाक्याला माझं घोडं अडायचं.

तर हेड ऑफिसचा हुकूम आला: एकच लॉगिन करा. तोवर आमच्याकडे माल आत घेण्याचा प्रोग्राम वेगळा, बाहेर सोडण्याचा वेगळा, हजेरी वेगळी, गाड्यांची रांग वेगळी, जेवणाची कुपनं वेगळी आणि गेटवरच्या कार्डांचं खातं आणखी वेगळं. प्रत्येकाचा पासवर्ड निराळा. माल सोडण्याच्या टेबलांवर आसपासच्या गावांतल्या बायका काम करायच्या, आणि कीबोर्ड उलटा केला की खाली चिकटपट्टीवर त्यांचे सगळे पासवर्ड व्यवस्थित लिहिलेले असायचे. सुरक्षेची ही तऱ्हा! आता यापुढे माणसाने सकाळी एकदाच आपलं नाव आणि पासवर्ड द्यायचा, मधल्या एका सर्व्हरने त्याला ओळखायचं, आणि बाकी सगळ्या प्रोग्रामांनी त्या सर्व्हरच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही?

आम्ही बसवायला घेतलं आणि आमची जी काही त्रेधा उडाली! एका प्रोग्रामला जोडलं, चाललं. दुसऱ्याला जोडलं, आणि पानच उघडेना. प्रोग्राम म्हणायचा, तुला ओळखत नाही, सर्व्हरकडे जा. सर्व्हर म्हणायचा, ओळखतो की, जा परत. प्रोग्राम पुन्हा म्हणायचा, कोण तू? ब्राउझर बिचारा दोघांच्या मध्ये फिरून फिरून शेवटी हात टेकायचा. मी सेटिंगची फाइल शंभरदा वाचली, पत्ते तपासले, इंटरनेटवर शोधलं. जितकं वाचलं तितका जास्त गोंधळलो. एक उपाय केला की दुसरंच काहीतरी बंद पडायचं. ताई माझ्यामागे उभ्या. "मना न्हाय समजला." मी चिडून म्हटलं, "ताई, मलाही नाही समजलं!" तर बाईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "आता कसा माणसात आलास! चल, कँटीनला चल."

कँटीनमध्ये त्यांनी चक्क नाटक बसवलं. ही त्यांची नेहमीची पद्धत, मला तेव्हा माहीत नव्हती. मी म्हणजे माल सोडण्याचा प्रोग्राम, एका खांबाजवळ उभा. आमचा एक सहकारी म्हणजे गाड्यांची रांग, दुसऱ्या खांबाला. स्वतः ताई म्हणजे मधला सर्व्हर. आणि ब्राउझर म्हणून त्यांनी वनिताला पकडलं. वनिता पारधी ही माल सोडण्याच्या टेबलावरची मुलगी. गणेशपुरीच्या पुढच्या एका पाड्यावरून पहिल्या एसटीने यायची, म्हणून सगळ्यांच्या आधी हजर असायची. तिच्या पाड्यातली खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिलीच. बाकी घर वीटभट्टीवर.

ओळखीची चिठ्ठी म्हणून डब्यांची स्टीलची झाकणं घेतली. वनिताने माझ्याकडे यायचं, मी तिला ताईंकडे पिटाळायचं, ताईंनी पासवर्ड विचारायचा, मग माझ्यापाशी येऊन तिने माझं झाकण घ्यायचं आणि जपून ठेवायचं. मग दुसऱ्या खांबाकडे. तिकडेही तेच. "ताई, मीच का पळायचं सारखं?" वनिता धापा टाकत म्हणाली. "ब्राउझरच पळतो गं बाई," ताई म्हणाल्या. कँटीनवाला पोळ्या लाटायच्या थांबवून बघत होता. दुसऱ्या खांबाचं झाकण घेऊन वनिता परत माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात एकच झाकण होतं. "पहिलं कुठाय?" ताईंनी विचारलं. "दोन्ही सारखीच होती, म्हणून एक ठेवून दिलं," ती म्हणाली. ताई मटकन बाकावर बसल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. आमचे दोन्ही प्रोग्राम ब्राउझरकडे एकाच नावाची खूण ठेवायला देत होते. दुसरी आली की पहिली पुसली जायची. दोन्ही खुणांना वेगळी नावं दिली आणि ब्राउझरची वणवण थांबली. मी इतका वैतागलो होतो की मला धड आनंदही झाला नाही.

एकच लॉगिन सुरू झालं. कुणाची काही तक्रार नाही. बक्षी साहेबांनी, म्हणजे गोदामाच्या मॅनेजरांनी, ताईंना सगळ्यांसमोर फुलांचा गुच्छ दिला. "तरे मॅडम ने कमाल कर दिया," वगैरे. ताईंनी गुच्छ टेबलावर ठेवला आणि दिवसभर त्याच्याकडे संशयाने बघत राहिल्या. "पोरा, एकपण तक्रार नाही आली?" त्यांनी मला विचारलं. नाही म्हटलं. "मग काहीतरी राहिलंय. सहा ठिकाणचे पासवर्ड काढून घेतले आणि एकीनेपण तोंड वाकडं केलं नाही, असं कधी होतं का?" मी म्हटलं, "ताई, सगळं नीट झालं तर आनंदाने बसावं की जरा!" दुधाने तोंड पोळलं होतं त्यांचं, त्या ताकही फुंकून प्यायच्या. मला वाटलं, स्वभावच असा, करायचं काय.

राहिलं होतं ते हे. माल सोडण्याच्या बायकांमध्ये एक रीत होती. जी पहिली येईल तिने टेबलं पुसायची, पाणी भरायचं, तसबिरीला उदबत्ती लावायची आणि सगळ्या मशिनी, म्हणजे टेबलांवरचे संगणक, चालू करून, हजेरीचं पान उघडून ठेवायचं. म्हणजे मागून येणाऱ्यांचा खोळंबा नको. शेजारधर्मच तो. हजेरीचं पान ती आपल्या स्वतःच्या नावाने उघडायची, मागून येणाऱ्या त्यात आपापला हजेरीचा नंबर टाकायच्या. पूर्वी त्यात काही बिघडत नव्हतं, कारण माल सोडायचा प्रोग्राम उघडताना प्रत्येकीला आपला पासवर्ड द्यावाच लागायचा. आता एकदा हजेरीत शिरलं की सगळं उघडं. प्रोग्राम पासवर्ड विचारतच नव्हता. बायकांना वाटलं, बरं झालं, कटकट गेली. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव यायचं, पण ते वाचतो कोण? आणि पहिली रोज कोण यायची? वनिता. सगळ्या टेबलांवरचं सगळं काम वनिताच्या नावावर चढत होतं, आणि याचा कुणाला पत्ताच नव्हता.

मग माशी शिंकली. औषधांचा एक माल तपासणीसाठी रोखून ठेवलेला होता, तो सोडला गेला. गाडी नाशिकच्या वाटेला लागलेली, ती फोनाफोनी करून परत आणली. दुकानात एकही खोकं पोचलं नाही, नशीब. पण ज्यांचा माल होता ते भयंकर भडकले. त्यांना नाव हवं होतं. नोंद काढली, नाव वनिता पारधी. बक्षी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "रेकॉर्ड में तुम्हारा नाम है. सिस्टम झूठ नहीं बोलता." नोकरी तर जाणारच होती, वर पोलिसांत तक्रार करायची भाषाही सुरू झाली.

वनिता आमच्या खोलीत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "ताई, मी न्हाय सोडला ओ. मना आठवत पण न्हाय." ताईंनी तिला पाणी दिलं. ती थोडी शांत झाली आणि मग जे बोलली ते मी विसरू शकत नाही. "का मीच सोडला असल, ताई? नाव माजं हाय म्हंजे... मीच असल ना?" अहो, पोरगी स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लागली होती! घरी काय सांगू, परत भट्टीवर जाऊ का, असं काहीबाही विचारत होती. ताई तिच्याजवळ बसून राहिल्या. समजलं नसूनही त्या उभ्या राहिल्या नाहीत, असं पहिल्यांदाच झालं.

चौकशीची मीटिंग दुसऱ्या दिवशी दुपारी. ताई सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या आणि त्यांनी मीटिंगच्या खोलीतली मशीन चालू करून ठेवली. मागून बक्षी साहेब, मी आणि वनिता. भिंतीवरच्या पडद्यावर हेड ऑफिसचा सुरक्षेचा साहेब. बक्षी साहेबांनी नोंद वाचून दाखवली आणि कागद मिटला. त्यांच्या दृष्टीने मीटिंग संपली होती. तेवढ्यात खुर्ची सरकली.

"मना न्हाय समजला."

"क्या नहीं समझा, मॅडम?"

"वनिताने सोडला, हे कसं कळलं?"

"लॉगिन उसका है."

"तिचं लॉगिन आहे म्हणजे हात तिचाच, हे कसं कळलं? साहेब, समजलं म्हणू नका. सांगा."

पडद्यावरचा साहेब इंग्रजीत सांगायला लागला. माणूस एकदा ओळख पटवतो, मग सर्व्हर हमी देतो, हमीवर सही असते, सही खोटी करता येत नाही. मी मनात म्हणत होतो, बरोबर आहे, हे सगळं बरोबरच आहे, मग चूक आहे कुठे? मीच ते बसवलेलं आणि मलाच काही उमगत नव्हतं. ताई उभ्याच. शेवटी बक्षी साहेब वैतागले. "देखिए, मैं दिखाता हूँ," म्हणाले, आणि मशीन आपल्याकडे ओढून त्यांनी चाचणीसाठी ठेवलेला एक खोटा माल स्वतःच्या हाताने सोडला. मग नोंदीचं पान उघडलं. भिंतीवर, त्यांनी नुकत्याच सोडलेल्या मालासमोर, नाव आलं: जयवंती तरे.

बक्षी साहेब एकदा मशीनकडे, एकदा ताईंकडे बघत होते. "मी तर इथे उभी हाय," ताई म्हणाल्या.

वनिता हुंदका देऊन रडायला लागली. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. आल्या आल्या मशीन चालू करून हजेरीचं पान कुणी उघडलं होतं! नंतर मी ताईंना विचारलं, मुद्दाम केलंत ना? "मुद्दाम म्हणजे काय, आदल्या दिवसापासून डोकं चालत नव्हतं. म्हटलं, वनिता सकाळी काय काय करते ते तिला विचारून तेच सगळं करून बघू, मग कळलं तर कळलं," त्या म्हणाल्या. कँटीनमधलं नाटकच ते, फक्त ब्राउझर या वेळी बक्षी साहेब होते.

वनिता सुटली, पण गोष्ट संपली नाही. आता प्रश्न आला की मग सोडला कुणी? बायकांची टेबलं ठरलेली नसायची, जी मशीन रिकामी दिसेल तिथे बसायचं. एकेकीला विचारलं. रोज शेकड्यांनी माल सोडणाऱ्या बायका, कुणाला काय आठवणार? सगळ्या घाबरलेल्या, आणि सगळ्या खरं बोलत होत्या. हेड ऑफिसचा साहेब म्हणाला, ग्राहकाला एक नाव द्यावंच लागेल. नावाशिवाय प्रकरण मिटणार नाही. बक्षी साहेब बायकांच्या नावांवरून नजर फिरवायला लागले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते, पण कोपऱ्यात अडकलेला माणूस जवळचं दार बघतो.

"माझं द्या," ताई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर अक्षरशः ओरडलो. "ताई, डोकं फिरलंय का तुमचं? तुम्ही नव्हता सोडला!"

"मग कोणी सोडला?"

"मला काय माहीत?"

"तुला माहीत नाही. मला माहीत नाही. त्या बायकांनापण माहीत नाही. जे माहीत नाही ते मी त्यांना कसं सांगू? त्यांना नाव पाहिजे होतं. मला एकच गोष्ट नक्की माहीत आहे, की हे लॉगिन मी बसवलं आणि बायका सकाळी काय करतात ते बघायला मी एकदापण तिकडे गेले नाही. ते सांगितलं."

"मीही होतो बसवायला."

"त्या कामाखाली सही माझी होती. गप बस आता."

मला तेव्हा पटलं नाही, आजही पूर्ण पटलेलं नाही. कधी वाटतं, केवढं मोठं मन. कधी वाटतं, असं उठून नाव देणं हा निव्वळ वेडेपणा; जरा ताणून धरलं असतं तर साहेबच थकले असते. ताईंकडून शिकलोय तेवढं खरं सांगतो: मला नाही समजलं. राजीनामा त्यांनी दिला की द्यायला लावला, यावरही गोदामात दोन मतं आहेत. वनिताची नोकरी राहिली, बाकीच्याही सगळ्या राहिल्या. जाण्यापूर्वी ताईंनी दोन गोष्टी करून घेतल्या. पडद्यावरचं नाव मोठ्या ठळक अक्षरांत वर आडवं आणलं, आणि माल सोडण्याआधी दर वेळी स्वतःचा पासवर्ड पुन्हा द्यायची सक्ती केली. या वेळी बायकांनी तोंडं वाकडी केली, तेव्हा कुठे ताईंना बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी त्यांचं खातं बंद करायचं काम माझ्याकडे आलं. पूर्वी माणूस गेला की एकेका प्रोग्राममधून त्याचं नाव काढत बसावं लागे; आता एकच बटण. ताई शेजारच्या मशीनवर बसल्या होत्या. "माझ्यासमोर कर," म्हणाल्या. मी बटण दाबलं. त्यांनी गाड्यांच्या रांगेच्या पानावर क्लिक केलं. पान उघडलं. माल सोडायच्या पानावर केलं. तेही उघडलं.

"अरे, मी आतच आहे की!"

आम्ही दोघंही हसलो. मग लक्षात आलं, की खातं मधल्या सर्व्हरवर बंद झालं होतं, पण प्रोग्रामांना ते कुणी कळवलंच नव्हतं; त्यांनी सकाळी एकदा ताईंना आत घेतलं होतं आणि ते तसेच निवांत होते. मी म्हटलं, "राहू द्या ताई, थोड्या वेळाने आपोआप बाहेर काढतील."

"आणि तोवर? उद्या खरंच कुणा वाईट माणसाला काढायचं असलं तर? त्याला काय चहा प्यायला ठेवायचं आत?" त्यांनी डबा बाजूला सारला. "चल, उघड ती फाइल."

खातं बंद असल्याने त्यांना स्वतः काही बदलता येत नव्हतं. मी टाइप करायचो, त्या मागून सांगायच्या. एखादं खातं बंद झालं की सर्व्हरने सगळ्या प्रोग्रामांना तसा निरोप धाडायचा आणि प्रत्येकाने त्या माणसाला तत्क्षणी बाहेर काढायचं, एवढंच काम. पण एवढ्याला अख्खी दुपार गेली. निरोप जायचा, तर प्रोग्राम ऐकायचा नाही. ऐकलं, तर भलत्यालाच बाहेर काढायचा. एकदा मलाच काढलं. दर वेळी चाचणीसाठी मी ताईंचं खातं पुन्हा चालू करायचो, त्या आत शिरायच्या, मी बंद करायचो, आणि त्या आतच राहायच्या. खोटं कशाला बोलू, मला दर वेळी बरं वाटत होतं. त्या मात्र चिडत होत्या. "नीट बघ ना रे! मी जात का नाही?"

शेवटी एकदाचं जमलं. मी बटण दाबलं, त्यांनी पान उघडलं आणि समोर आला पासवर्ड मागणारा कोरा चौकोन. त्यांनी पासवर्ड दिला. नाकारला. मग त्यांनी एकेक करून सगळे प्रोग्राम पाहिले: माल आत, माल बाहेर, हजेरी, गाड्या. सगळीकडे बंद. शेवटी जेवणाची कुपनं. तिथेही बंद. "कुलूप लागलं बरोबर," त्या म्हणाल्या. डबा पिशवीत टाकला, माझ्या पाठीवर एक धपाटा घातला आणि निघाल्या.

मी गेटपर्यंत सोबत गेलो. त्यांनी कार्ड लावलं, तर गेट उघडेना. अर्थातच! गेटही त्याच एका लॉगिनवर होतं. पहारेकरी नेमका गाड्यांच्या गेटवर गेलेला. रिक्षा बाहेर उभी होती आणि रिक्षावाला हाका मारत होता. मी आपलं कार्ड लावलं, गेट उघडलं, ताई बाहेर गेल्या. मागे वळून त्यांनी हात केला, रिक्षात बसल्या आणि मानकोली नाक्याच्या गर्दीत रिक्षा दिसेनाशी झाली. मी परत येऊन काम करत बसलो. काम कसलं, नुसता बसलो.

संध्याकाळी घरी निघालो तर माझंही कार्ड चालेना. पहारेकरी आता जागेवर होता. त्याने आपल्या मशीनमध्ये बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत मशीनकडे.

"साहब, आप तो दोपहर को ही निकल गए."

"मैं कहाँ निकला? मैं तो यहीं हूँ."

"इस में तो ऐसा ही है, साहब. आप बाहर हैं. अंदर तो ताई हैं."

मी वळून आमच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.